हातात घेतलेला नारळ

रविवार, ५ जानेवारी २०२५

पुण्याला रेफ्रीच्या कोर्सला सरांनी बजावलं होतं, एक वही ठेवा, रोज चुका लिहा, आणि त्या आपल्या लिहा, दुसऱ्याच्या नकोत. वही त्याच दिवशी घेतली आणि वर्षभर साड्यांखाली कोरी ठेवली. ही पहिली चूक. आज काढली, कारण आज ठरलं. सव्वीस जानेवारीच्या फायनलला शिट्टी माझी!

फायनल म्हणजे आमच्या ओतूरच्या कपाची. वरच्या आळीचा शिवाई क्लब आणि खालच्या आळीचा मांडवी क्लब. बाकी गावांचे संघ येतात, वडापाव खातात, हरून जातात. शेवटी हे दोघंच उरतात. दोन वर्षांपूर्वी एका थ्रो-इनवरून अशी जुंपली की दोघांची डोकी फुटली आणि एक गोलपोस्ट उपटून कुणीतरी गोठ्याला लावला. तो अजून तिथंच आहे, त्याला म्हैस बांधतात. गेल्या वर्षी फायनल झालीच नाही. दोन्ही आळ्यांतल्या बायकांनी एकमेकींकडचं हळदीकुंकूसुद्धा टाकलं होतं.

यंदा कमिटीला पंच मिळेना. यांनी सुचवलेला त्यांना नको, त्यांनी सुचवलेला यांना नको. मग माझं नाव निघालं आणि दोन्हीकडचे एकदम हो म्हणाले. वरच्या आळीची लेक, खालच्या आळीची सून, शाळेत पीटीची बाई आणि रेफ्रीची परीक्षा पास. माझ्या निःपक्षपातीपणावर गावाचा एवढा विश्वास असेल असं वाटलं नव्हतं. दिवसभर मान ताठ करून फिरले.

पुण्याहून निरीक्षक येणार आहेत. मॅच नीट काढली तर राज्याच्या पॅनेलसाठी माझं नाव जाईल. नाही काढली तर आहेच आपली शाळेची कवायत, एक साथ सावधान.

एकच भानगड आहे. मांडवीचा कॅप्टन माझा नवरा आहे. भरत. (वहीत नाव घेते, तोंडानं अजून 'अहो'च निघतं.) त्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हंजे मैदानावर बी तुझंच ऐकायचं का?" सासूबाई शेंगा फोडत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या येळंला नवऱ्यापुढं चप्पल वाजली तरी लाज वाटायची. ही शिट्टी वाजवणार." पण हसत होत्या.

शुक्रवार, १० जानेवारी

मैदान बघून आले. एका बाजूला सगळा ऊस, तोडणी अजून व्हायची आहे. चेंडू उसात गेला की खेळ थांबतो. दिवाळीपासून बिबट्यानं तिथनं दोन शेळ्या नेल्यात, त्यामुळे चेंडू आणायला एकटा कुणी शिरत नाही. चौघं जातात, काठ्या आपटत, बोंबलत. घड्याळ लावून बघितलं, एका खेपेला दीड मिनिट. दुसरा चेंडू आहे, पण त्यात हवा टिकत नाही.

हा गेलेला वेळ मी शेवटी जादा धरणार. गावात आजवर कुणी धरलेला नाही. दोन्ही कॅप्टनना तसं सांगितलं. शिवाईचा कॅप्टन धर्माजी नुसता हसला. भरत म्हणाला, "पुस्तकात लिवलंय ना? मग धरायचा."

भरत छत्तीसचा झाला. मांडवीनं शेवटचा कप घेतला तेव्हा तो राखीव होता, पूर्ण वेळ बाहेर बसून. त्यानंतर तीन फायनल खेळला, तिन्ही हरला. त्याच्या मोटार वायंडिंगच्या दुकानात कपासाठी एक फळी रिकामी ठेवली आहे. मी म्हटलं त्यावर तांब्याच्या तारेची रिळं ठेवा, तर रागावला. यंदा संघ चांगला आहे, आणि पुढच्या वर्षी कुणी त्याला घेणार नाही हे त्यालाही माहीत आहे. मला त्याच्यासाठी फार वाटतं. आणि मैदानावर काहीच वाटता कामा नये. 

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. माहेरी जाऊन आले. आबा, म्हणजे माझे वडील, खडकीला कारखान्यात होते, तिथनं त्यांनी फुटबॉल गावात आणला आणि शिवाई क्लब काढला. अजूनही रोज चेंडूला तेलाचा बोळा फिरवतात, हल्लीच्या चेंडूला ते लागत नाही तरी. तिळगूळ देताना म्हणाले, "पोरी, मी काय मागत न्हाई हां तुझ्याकडं." मी म्हटलं, बरं. मग म्हणाले, "फक्त ऑफसाइड बघताना डोळं उघडं ठेव. खालच्या आळीचं लोक लई पुढं पळत्यात." मी परत म्हटलं, बरं. निघताना आईनं पिशवीत गुळाच्या पोळ्या घातल्या, एरवी चार असतात, आज अकरा होत्या.

आबांनी काही मागितलं नाही याचं खरंच बरं वाटलं.

पण शाळेत पोरींच्या लंगडीच्या खेळात मी दोनदा ऑफसाइड दिला.

गुरुवार, १६ जानेवारी

आज गेणभाऊ घरी आले. स्वतः! गेणभाऊ म्हणजे कमिटीचे अध्यक्ष, आणि त्याआधी चाळीस वर्षं जत्रेच्या आखाड्याचे पंच. आळेफाट्यापासून घोडेगावपर्यंत कुठलीही कुस्ती त्यांच्या शब्दाबाहेर जात नसे म्हणतात. आम्ही बायका काही आखाड्याला जात नाही, ऐकून माहीत.

मी नुकतीच धावून आले होते, ट्रॅकसूट, घामानं निथळत. ओट्यावरच गाठलं त्यांनी. म्हणाले, "पोरी, मला भांडान नको. दोन वर्सांमागं रक्त सांडलं. दोन्ही आळ्या आपल्याच. समदं गोडीत सुटलं पायजे. समजलीस ना?"

मी म्हटलं, "समजलं गेणभाऊ. तुम्ही काळजीच करू नका."

तर त्यांनी धोतराच्या सोग्यातून नारळ काढला आणि माझ्या हातावर ठेवला. डोळ्यांत बघितलं, मान हलवली आणि चहासुद्धा न घेता गेले.  एवढा मोठा माणूस, एका बाईला पंच म्हणून मान द्यायला पायऱ्या चढून आला.

सासूबाईंना दाखवला. त्यांनी एकदम विचारलं, "हातात घेतलास का पदरात?"

"ट्रॅकसूटला कुठला आलाय पदर?"

 नारळ देव्हाऱ्यापुढं ठेवायला गेले तर म्हणाल्या, "तिथं नको." या वयात माणसाला कशाचं काय वाटेल सांगता येत नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

नारळ फोडला, चटणी केली. लसूण, हिरवी मिरची, वरून फोडणी. अशी झाली होती म्हणता! भरतनं ताटातली बाजूला सारली. विचारलं तर, "गेणभाऊंचा नारळ?" म्हणाला. "हातात दिला? आन् तू काय म्हनलीस?" मी म्हटलं, काळजी करू नका म्हणाले, दुसरं काय म्हणणार. तो बराच वेळ भाकरी नुसती मोडत बसला.

जळतोय झालं. इतकी वर्षं कॅप्टन आहे, त्याच्याकडे कुणी नारळ घेऊन आलं नाही.

शनिवार, १८ जानेवारी

सत्यनारायणाला लागतो म्हणून भरतला एक नारळ आणायला सांगितला होता. बाजारातून बाकी सगळं आलं, फुलं, विड्याची पानं, खारीक. नारळ नाही. म्हणे वाटेत पिशवीतून पडला. गाडीवरून नारळ पडतो आणि माणसाला कळत नाही? आणि येताना गेणभाऊंच्या गल्लीतून कशाला आला, तो काय रस्ता आहे? शेजारच्या चिमाबाईंनी बघितलं म्हणून कळलं.  शेवटी मीच जाऊन दुसरा आणला.

सोमवार, २० जानेवारी

वीज पडावी तसं झालं. भरत खेळणार नाही!

गुडघा दुखतोय म्हणे. काल संध्याकाळपासून. कधी लागला, कुठं लागला, काही नीट सांगत नाही. क्लबला निरोपही देऊन आला, त्याच्या जागी रामदास खेळेल. रामदास म्हणजे भरतचा चुलत भाऊ, अंगानं दांडगा, पण बचावाला, भरतच्या स्टॉपरच्या जागी, कच्चा. घाबरला की हात वर करतो, मांजर अंगावर आल्यासारखा.

मी म्हटलं नारायणगावला हाडांच्या डॉक्टरला दाखवू. नको म्हणाला. क्रेप बँडेज बांधून दुकानात गेला.

छत्तीस वर्षांचा बाप्या, रिकामी फळी, आणि सहा दिवस आधी गुडघा. मला रडूच येत होतं.

मंगळवार, २१ जानेवारी

गावात मात्र वारं फिरलंय. काल स्टँडवर दोन्ही क्लबची पोरं एका टेबलावर मिसळ खात होती. धर्माजी मला बघून म्हणाला, "बाई, आता काय टेन्शन न्हाई!" आणि डोळा मारला. तो सगळ्यांनाच मारतो. दोन्हीकडच्या प्रॅक्टिसला पूर्वीसारखी खुन्नस नाही, साडेचारलाच आवरतात.

निष्पक्ष पंच आहे म्हटल्यावर माणसं कशी निवांत होतात! निरीक्षकांना हे सांगायला हवं.

गुरुवार, २३ जानेवारी

भांडण झालं. भरत लबाड आहे.

दुपारी डबा द्यायला दुकानात गेले. हा पठ्ठ्या पाच हॉर्सपॉवरची मोटार एकटा उचलून टेम्पोत ठेवत होता. गुडघ्यात वाकून! मला बघितलं आणि लगेच लंगडायला लागला. वर कहर म्हणजे बँडेज सोमवारी डाव्या गुडघ्याला होतं, आज उजव्याला.

तिथं गिऱ्हाईक होतं म्हणून गप्प बसले. घरी आल्यावर सोडला नाही. म्हटलं, "खरं सांगा. बायकोच्या शिट्टीवर थांबायची लाज वाटते ना? चारचौघांत मी कार्ड दाखवीन म्हणून पळ काढलात ना?"

तो म्हणाला, "तसंच समज."

"तसंच समज? संघाला वाऱ्यावर सोडलंत, ते रामदासच्या भरवशावर!"

सासूबाई मध्ये पडल्या. "नूतन, पुरुषाचं गुडघं इचारू नये." ही कुठली म्हण? मी म्हटलं, तुम्हीसुद्धा मुलाचीच बाजू घेणार. त्या शेंगांची टरफलं सुपात घेऊन उठून गेल्या.

मला वाटलं होतं हा वेगळा आहे. पहाटे माझ्याबरोबर धावायला यायचा, चारदा हरला तरी माझी पाठ थोपटायचा. कोर्सची फी भरायला आणि घरच्यांशी भांडायला हाच होता. आणि ऐन वेळी पुरुष तो पुरुषच.

शनिवार, २५ जानेवारी

उद्या. काळा ड्रेस इस्त्री करून खुंटीला लावलेला आहे, मी केलेला नाही. शिट्टीची दोरी उसवली होती, ती तांब्याच्या बारीक तारेनं गुंडाळून कुणीतरी पक्की केली आहे. बोलत मात्र नाही आम्ही.

नियमांचं पुस्तक दोनदा वाचलं. हात, जादा वेळ, लाल कार्ड.  दिवसभरात तीन वेळा दार लावलंय का बघून आले आणि तिन्ही वेळा ते उघडंच होतं, कारण दिवस होता.

रविवार, २६ जानेवारी, संध्याकाळ

 अक्षर लागलं नाही तर नाही, सगळं लिहून काढते.

तीनला मॅच सुरू झाली. माणसं ट्रॅक्टरवर, पत्र्यावर, झाडावर. निरीक्षक टोपी घालून खुर्चीत. त्यांच्या शेजारी गेणभाऊ, मग आबा. भरत मांडवीच्या बाकावर, बँडेज आज पुन्हा डाव्याला.

बाराव्या मिनिटाला मांडवीचा गोल झाला. फटका साधाच होता, पण शिवाईच्या गोलीची ऐन वेळी बुटाची नाडी सुटली, बिचारा वाकला होता. उत्तरार्धात शिवाईनं फेडला. मांडवीचे दोघं एकमेकांना चेंडू सोडत राहिले आणि मधून धर्माजी आला. एक-एक.

आणि मग खेळच मेला. हे आपल्या आपल्यात चेंडू फिरवतात, ते उभे राहून बघतात. चेंडू तीनदा उसात गेला, पोरं हसत हसत काढून आणत होती. मला वाटलं, पोरं दमली. किती बावळट असावं माणसानं!

ऐंशीव्या मिनिटाला शिवाईच्या एकाच्या पोटरीत गोळा आला, त्याच्या जागी सयाजी उतरला. सयाजी टोमॅटोच्या पिकअपवर ड्रायव्हर. आठवडाभर गुजरातेत होता, गाडी आळेफाट्याला लावून तसाच आला. तो उतरला तो सुटलाच. बाकीचे चालतायत आणि हा एकटा पळतोय! त्याचेच भिडू त्याला "सावकास, सावकास" ओरडत होते.

नव्वद मिनिटं झाली. मी चार बोटं वर केली, चार मिनिटं जादा. दोन्ही बाकांवरनं ओरड, "कशाला बाई, झालं की!"

तिसऱ्या जादा मिनिटाला सयाजीनं चौघांना मागं टाकलं, गोलीलाही चुकवलं आणि चेंडू मारला. गोलरेषेवर एकटा रामदास. त्यानं हात वर केला आणि चेंडू अडवला. सरळ, उघड, कोपरापासून. मी दहा पावलांवर होते.

शिट्टी वाजवली. पेनल्टी. खिशातून लाल कार्ड काढलं.

 मग रामदास पांढराफटक होऊन म्हणाला, "वैनी, काय करताय? नारळ घेतला ना तुमी?"

"कसला नारळ?"

"गेणभाऊंचा! हातात घेतला तुमी. बरोबरीत सोडवायची ठरलीया ना!"

मग चारी बाजूंनी सुरू झालं. नारळ खाल्ला आन् शब्द फिरवला! म्हायेराला कप दिला! माणसं दोरी ओलांडून आत आली. मला एकेक कळत गेलं. आखाड्यात पंचांनी पैलवानाच्या हातावर नारळ ठेवला आणि त्यानं तो घेतला, की कुस्ती सोडवायची, कुणी पडायचं नाही, कुणी पाडायचं नाही. तोंडानं कुणी बोलत नाही. पदरात घेतला असता तर ती ओटी झाली असती. हातात घेतला तो शब्द झाला. मी शब्द दिला होता, त्याची चटणी केली होती, आणि बोटं चाटून खाल्ली होती.

खोटं कशाला लिहू? एक क्षण वाटलं, कार्ड खिशात ठेवावं. एक मिनिटच उरलं होतं. बरोबरी झाली असती, कप दोघांत विभागून गेला असता, दोन्ही घरं सुखानं जेवली असती. सरांची शपथ, एक क्षण वाटलं.

तेवढ्यात समोरून भरत आला. पळत आला. बाकापासून थेट, आडवं मैदान कापत, बँडेजसकट, लंगडणं नाही का काही नाही. माझ्यापुढं पाठ करून उभा राहिला आणि हात पसरले. कुणाचं लक्ष नव्हतं त्याच्या गुडघ्याकडं. माझं होतं.

कारण बाकी सगळे गेणभाऊंकडे बघत होते. ते काठी टेकत मधोमध आले होते. म्हणाले, "गप बसा समदी. नारळ परत आलाय माझ्याकडं. अठरा तारखेलाच आलाय. ह्यो भरत घिऊन आला व्हता, म्हनला, तिला आखाड्यातलं ठावं न्हाई, ती खरंच खेळवणार. मीच तुमाला कुनाला बोललो न्हाई. म्हटलं पोर हाये, ऐन येळंला वाकंल, गाव शांत ऱ्हाईल. चूक माझी हाये, तिची न्हाई."

मग माझ्याकडं वळले. "हात बघितलास का?"

"बघितला."

"मंग लावा चेंडू."

रामदास मान खाली घालून म्हणाला, "लागला व्हता हात," आणि बाहेर गेला. सयाजीनं चेंडू ठेवला, मारला, गोल. दोन-एक. कुणी नाचलं नाही. सयाजी एकटाच दोन्ही हात वर करून कोपऱ्यापर्यंत पळाला आणि मागं कुणी येत नाही बघून तसाच परत आला.

आबा जवळ आले. मला वाटलं शाबासकी देतील. म्हणाले, "मला बी ठावं व्हतं नारळाचं. बरोबरी तर बरोबरी, म्हनून मी बी गप बसलो." आणि कप न बघता घरी गेले.

संध्याकाळी स्वैपाकघरात भरतला धरलं. "मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू गेणभाऊंच्या ओट्यावर जाऊन भांडली असतीस."

हे खरं आहे.

"आणि गुडघा?"

तो बँडेजचं टोक उलगडत राहिला. "नारळ मीच परत द्यायचा आन् मीच खेळायचं? लोक म्हनले असते, नवऱ्याला कप मिळावा म्हनून बाईनं शब्द मोडला. तुझ्या शिट्टीला काय किंमत राह्यली असती?"

"तुमचा कप गेला पण."

"जाऊ दे. पुढच्या वर्सी गोली व्हईन."

मी रडले. मोठ्यानं, लाज न बाळगता. तो रेषेवर असता तर हात वर गेला नसता, पायानं काढला असता चेंडू, हे मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. आणि मी त्याला माझ्या कार्डाला घाबरणारा म्हटलं होतं. सासूबाई दारातून म्हणाल्या, "सांगितलं व्हतं, गुडघं इचारू नये."

सोमवार, २७ जानेवारी

सकाळी निरीक्षकांचा फोन. नाव पुढं पाठवतायत! जादा वेळ बरोबर, जागा बरोबर, कार्ड बरोबर. एक मार्क कापला. म्हणाले, "पेनल्टी देताना तुम्ही क्षणभर खाली बघितलंत. शिट्टी वाजली की मान वर." लिहून ठेवते. आजवरच्या चुका मोजायला बसले तर ही सगळ्यात लहान आहे.

खालच्या आळीत मात्र माझ्याशी कुणी बोलत नाही. दूधवाल्यानं दूध दारात ठेवलं आणि हाक न मारता गेला. होईल हळूहळू. नाही झालं तर मीच जाऊन बोलेन एकेकीशी.

नऊला गेणभाऊ आले. शाळेला जायचं म्हणून मी साडी नेसले होते. म्हणाले, "पोरी, पदर पुढं कर." पदर पसरला, त्यात नारळ घातला. तोच होता, अठरा तारखेचा, शेंडीला वाण्याच्या दुकानाचा निळा दोरा तसाच. "ह्यो शब्दाचा न्हाई. ह्यो मानाचा."  या वेळी चहा घेतला, दोन कप.

ताबडतोब चटणी केली. भरतनं तीन वेळा मागून घेतली.

मग तो दुकानाला निघाला. गुडघा ठणठणीत आहे हे गावाला आज कळलं तर उद्या पुन्हा तोच गोंधळ, भरतनं मुद्दाम संघ पाडला म्हणतील. म्हणजे महिनाभर तरी लंगडणं आलं. बँडेज मी बांधलं, घट्ट, नीट, पिना लावून. तो पायऱ्या उतरला, गल्लीत धर्माजी आणि चार जण उभे होते, आणि हा आपला ऐटीत उजवा पाय ओढत चालला.

मी ओट्यावरून हाक मारली, "अहो! डावा!"